थंडीत टिकणारे पाम मराठवाड्यात लावावेत का? (नारळ, फॉक्सटेल, विंडमिल, शिंदी वगैरे)

जिंतूरचा_माळ · 4 जानेवारी

रामराम मंडळी. जिंतूरहून येलदरीकडं जाताना आमचं शेत लागतं. घर उतारावर, मागं माळ, खाली नाला. हौसेनं घरापुढं पाम लावले होते: नारळ, फॉक्सटेल, बॉटल पाम, खालच्या अंगाला नाल्याकडून अरेकाचं कुंपण, आणि फाटकापाशी एक रॉयल पाम. डिसेंबरच्या शेवटी थंडीनं हाडं गोठवली. आता अरेका तांबूस पडलाय. बॉटल पामच्या पानांवर पाण्यात भिजल्यासारखे डाग आले आणि ते काळे पडायलेत. फॉक्सटेलची जुनी पानं टोकाकडून जळायलीत. रॉयलचा नवा पोंगा (शेंड्यातलं मिटलेलं कोवळं पान) उघडतोय तो आखूड, चुरगाळलेला, पिवळा. नारळ उभा आहे, पण खालच्या झावळ्या पिवळ्या.

एका ऑनलाइन विक्रेत्याची जाहिरात बघितली: "विंडमिल पाम, उणे 15 अंशात टिकणारा, गॅरंटीसह." रोप चांगलंच महाग आहे. हे सगळं काढून तो लावावा का? आणि जळालेली पानं आत्ताच छाटू का?

रोपवाला_संभाजीनगर · 4 जानेवारी

छाटू नका. थंडी सरेपर्यंत कोयत्याला हात लावू नका. जळकं पान दिसायला वाईट असलं तरी आतल्या कोंबावर तेच पांघरूण असतं. अर्धं हिरवं पान तर झाडाला अजून अन्न देतंय. शिवाय ताज्या जखमेच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, तो खोडात शिरला की थंडी परवडली म्हणाल.

विंडमिलचं नंतर लिहितो, गिऱ्हाईक आलंय.

गोदाकाठ_परभणी · 5 जानेवारी

जिंतूरभाऊ, आधी थंडी कशी पडते ते बघू, मग झाडाचं बोलू.

पेपरात येतो तो किमान तापमानाचा आकडा पांढऱ्या झडपांच्या पेटीतला असतो. ती पेटी जमिनीपासून साधारण माणसाच्या छातीएवढ्या उंचीवर असते. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी, अशा रात्री जमीन दिवसभराची ऊब सरळ आकाशाकडं सोडून देते. तेव्हा गवताच्या पात्यापाशीचं तापमान पेटीतल्यापेक्षा तीन-चार अंशांनी खाली असू शकतं. म्हणून परभणीत पारा चार-पाच अंशांवर आला की वेधशाळेच्या हिशोबानं गोठणबिंदू लांब असतो, पण सखल रानात पहाटे गवतावर पांढरं हिव दिसतं.

दुसरी गोष्ट, गार हवा जड असते. माळावरून ती उतारानं खाली सरकते आणि नाल्यात साचते. तुमच्या अरेकाचं कुंपण नेमकं तिथंच आहे. अरेका मूळचा मादागास्करचा, बॉटल पाम मॉरिशसजवळच्या राउंड आयलंडचा. दोघांनी कधी हिव बघितलेलं नाही. त्यांना पाणी गोठायचीही वाट बघावी लागत नाही. उष्ण कटिबंधातल्या झाडांच्या पेशींची पातळ आवरणं तापमान शून्याच्या वर असतानाच बिघडायला लागतात आणि आतला रस बाहेर झिरपतो. तुम्ही लिहिलेले पाण्यात भिजल्यासारखे डाग ते हेच. अर्धापूरच्या केळीवाल्यांना विचारा, ते याला चरका म्हणतात.

खरा हिमवर्षाव होतो तिथली गोष्ट वेगळी. तिथं बर्फ आधी पेशींच्या मधल्या जागेत धरतो आणि पेशीतलं पाणी बाहेर ओढून घेतो. थंडीला सरावलेली झाडं तेवढं वाळणं सोसतात, न सरावलेली सोसत नाहीत. "उणे 15" हा आकडा त्या सोसण्याचा आहे. आपल्याकडं तो प्रश्नच कुणी विचारलेला नाही.

अर्धापुरी · 5 जानेवारी

बरोबर. आमच्याकडं चरका बसला की केळीची पानं पिवळी पडतात, निसवण (घड बाहेर पडणं) लांबते आणि घड वाकडातिकडा निघतो. पण केळीला खालून पील, म्हणजे नवा कोंब, फुटतो. पामचं काय होतं?

गोदाकाठ_परभणी · 5 जानेवारी

मेख तिथंच आहे. बहुतेक एकखोडी पामला वाढीचा एकच कोंब असतो, शेंड्यात, पानांच्या गाभ्यात. तो मेला की झाड मेलं, मग खोड कितीही जाड असो. आणि आंबा-लिंबासारखं सालीखाली नवं लाकूड धरणारा थर पामच्या खोडाला नसतो, त्यामुळं खोडावरची जखम भरत नाही, ती कायमची. अरेका बुंध्यातून फुटवे काढतो, म्हणून त्याची काळजी कमी. जिंतूरभाऊ, तुमचा जीव टांगणीला हवा तो बॉटल पामसाठी.

लातूरचा_डॅलसमध्ये · 6 जानेवारी

नमस्कार. मी मूळचा औशाचा, आता टेक्सासात डॅलसजवळ राहतो. उणे तापमानातले पाम म्हणजे काय ते इथं डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितो.

फेब्रुवारी 2021 मध्ये इथं जी थंडी आली तिनं सगळ्या राज्याचं कंबरडं मोडलं. 16 फेब्रुवारीला डॅलसच्या विमानतळावर उणे 19 अंशांपर्यंत पारा गेला. सॅन अँटोनियो एरवी बरंच उबदार, तिथंही उणे 13 च्या आसपास. वीज गेलेली, नळ फुटलेले, आणि कित्येक दिवस दुपारीसुद्धा तापमान शून्याच्या वर येईना. पाम मारायला हे शेवटचंच पुरतं. एका पहाटेची उणे 8 आणि दुपारी ऊन, हे बरीच झाडं काढतात. चोवीस तास गोठून राहिलं की गाभ्यापर्यंत थंडी पोचते.

त्यातून काय राहिलं ते सांगतो. निडल पाम आणि बुटका साबल, म्हणजे साबल मायनर, यांना जवळजवळ काहीच झालं नाही. हे दोन्ही अमेरिकेच्या आग्नेय भागातले, बिनखोडाचे किंवा अगदी आखूड खोडाचे; कोंब जमिनीलगत किंवा जमिनीतच. साबल मायनर तर उत्तरेला ओक्लाहोमाच्या कोपऱ्यातही रानात उगवतो. विंडमिल पाम काही मेले, काही वाचले. भिंतीच्या आडोशाचे जास्त वाचले. वॉशिंग्टोनियाच्या दोन जाती आहेत. त्यातला सडपातळ उंच रोबस्टा सॅन अँटोनियो-ऑस्टिनकडं रांगाच्या रांगा मेला, जाड खोडाचा फिलिफेरा बऱ्याच ठिकाणी वाचला. क्वीन पाम सपाट.

मेलं की जगलं हे त्या आठवड्यात कळतच नाही. लोक मधला पोंगा हलका ओढून बघत होते. हातात आला आणि बुडाला कुजका वास असला तर कोंब सडायला लागलाय. तेव्हा वरचा कुजका भाग काढायचा, गाभ्यात पाणी साचू द्यायचं नाही, तांब्याचं बुरशीनाशक ओतायचं आणि थांबायचं. शेजाऱ्यानं मार्चमध्येच घाईनं वॉशिंग्टोनिया तोडून टाकले. पुढच्या गल्लीतले, न तोडलेले, उन्हाळ्याच्या तोंडावर फुटले. तो माणूस अजून त्या गल्लीतून गाडी नेत नाही.

आणखी एक. इथं लोक थंडीत झाडाच्या शेंड्याला जुन्या पद्धतीच्या तापणाऱ्या दिव्यांच्या माळा गुंडाळतात आणि वरून कापड. एलईडीच्या माळांचा उपयोग नाही, त्या तापत नाहीत.

जिंतूरचा_माळ · 6 जानेवारी

दादा, म्हणजे विंडमिल उणेमध्ये जगतो हे खरं. मग आमच्या चार अंशांत तर मजेत राहील की?

लातूरचा_डॅलसमध्ये · 7 जानेवारी

थंडीत मजेत राहील, उन्हाळ्यात नाही. इथल्या जुलै-ऑगस्टच्या 40 अंशांत तो दुपारच्या सावलीशिवाय करपतो, आणि इथं पाणी नळाला असतं. तुमच्या मे महिन्यात, माळावर, बोअरच्या खारट पाण्यावर त्याचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

रोपवाला_संभाजीनगर · 7 जानेवारी

आता विंडमिलचं. तो मूळचा चीनकडच्या डोंगराळ भागातला. रॉबर्ट फॉर्च्यून या वनस्पतीसंग्राहकाचं नाव त्याला चिकटलंय, 1849 च्या सुमारास त्यानं चीनमधून रोपं इंग्लंडला पाठवली. म्हणजे इंग्लंडच्या गार, ओलसर हवेत रमणारा प्राणी. आपल्या देशातही त्याचा भाऊबंद आहे: कुमाऊँत पिथोरागढजवळ थलकेदारच्या डोंगरात, दोन हजार मीटरच्या वर, जिथं हिवाळ्यात बर्फ पडतो. मुनस्यारी-नैनितालकडं कुणी बंगला बांधत असेल तर मी स्वतः त्याला हा पाम सुचवीन. जिंतूरला नाही.

आणि ऑनलाइन "विंडमिल" म्हणून येतं ते पुष्कळदा चायना पाम असतं, लिव्हिस्टोना. लहानपणी दोन्ही पंख्यासारखे दिसतात. ओळख सांगतो: चायना पामच्या देठाला वाकडे ठळक काटे असतात आणि पानाच्या पट्ट्यांची टोकं खाली लोंबतात. विंडमिलचा देठ जवळजवळ बिनकाट्याचा, फक्त बारीक दातेरी, आणि वाढत्या खोडाभोवती काथ्यासारख्या तंतूंचं जाळं. गंमत अशी की मराठवाड्याला या दोघांत चायना पामच बरा. थंडी तर काढतोच, उन्हालाही विंडमिलपेक्षा जरा बरा. म्हणजे फसवलं तरी फायदा! (विंडमिलचा भाव देऊन घेतला तर नाही.)

कन्नडची_वहिनी · 7 जानेवारी

आमच्याकडं घाटाच्या बाजूला थंडी परभणीपेक्षा सौम्य असते, तरी आमचा रॉयल पाम दर हिवाळ्यात अस्साच चुरगाळलेला पोंगा काढतो. थंडी नसली तरी काढतो खरं तर. मला ही थंडीची भानगड वाटत नाही.

गोदाकाठ_परभणी · 8 जानेवारी

वहिनी, मीही त्यावरच येणार होतो.

नवं पान आखूड, पिवळं, टोकं वाळलेली आणि चुरगाळलेली, पण जुनी पानं हिरवी: ही मँगेनीजच्या कमतरतेची खूण आहे. आपली काळी जमीन चुनखडीची, सामू (pH) आठच्या वर. अशा मातीत मँगेनीज आणि लोह असूनही मुळांना मिळत नाही. त्यात माती गार पडली की मुळं आणखी आळसावतात, म्हणून हिवाळ्यात दुखणं वाढतं आणि आपण थंडीच्या नावानं बिल फाडतो. रॉयल पामला हा त्रास विशेष. नुसतं जमिनीत मँगेनीज सल्फेट टाकलं तर ते चुन्यात अडकतं. आळ्यात कुजलेलं शेणखत भरपूर द्या आणि सोबत पानांवर फवारणी करा. जे पान चुरगाळून निघालं ते सुधारणार नाही, पुढचं बघायचं.

उलट, जुन्या पानांवर नारिंगी ठिपके आणि कडा जळलेल्या, नवी पानं ठीक, असं असेल तर पालाश (पोटॅश) कमी पडलंय. पालाशाची उपासमार असलेलं झाड थंडीला लवकर बळी पडतं. फॉक्सटेलचं तेच दिसतंय. पावसाळा सरताना युरिया टाकून झाड लुसलुशीत करायची आपल्याला सवय आहे. ती कोवळी वाढ डिसेंबरात पहिली जळते.

बदनापूरचा_बागायतदार · 8 जानेवारी

पहाटे धूर करा. द्राक्षवाले तेच करतात.

गोदाकाठ_परभणी · 8 जानेवारी

धुरानं फारसं काही होत नाही. जमिनीची ऊब ज्या रूपानं वर जाते ती धूर अडवू शकत नाही, ढग अडवतो. उपयोग होतो तो विस्तवाच्या उबेचा, म्हणून एक मोठा जाळ करण्यापेक्षा बऱ्याच लहान शेकोट्या बऱ्या. त्याहून सोपं म्हणजे पाणी. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट असतं, पहाटे वाफा निघताना सगळ्यांनीच बघितल्यात. आणि ओली जमीन दिवसा जास्त ऊब साठवते, रात्री सावकाश सोडते. ढेकळं फुटलेलं कोरडं रान यात सगळ्यात वाईट. थंडीची लाट सांगितली की आदल्या दिवशी आळी भिजवून घ्या.

बदनापूरचा_बागायतदार · 8 जानेवारी

शेतीला रात्रीची लाईट देऊन सरकारनं थंडीपासून संरक्षणाची योजनाच राबवलीय म्हणायची मग. मोटार चालू करायला जाणाऱ्याच्या संरक्षणाचं तेवढं बघा.

लातूरचा_डॅलसमध्ये · 9 जानेवारी

पांघरूण घालणार असाल तर बारदान वापरा. प्लास्टिक पानाला चिकटलं की तिथंच जळतं, आणि सकाळी काढलं नाही तर आत शिजतं.

देगलूरची_लेक · 10 जानेवारी

सगळा धागा वाचला. मॉरिशस झालं, चीन झालं, ओक्लाहोमा झालं. आपल्या नाल्याकाठी उभी असलेली शिंदी एकाही भावाला दिसली नाही?

आमच्या लेंडी-मांजरेच्या पट्ट्यात शिंदीची बनं होती, आहेत. शिंदी हासुद्धा पामच, खजुराचा सख्खा चुलत. पंजाब-उत्तर प्रदेशात हिवाळ्यात पांढरं हिव पडतं तिथंही ती रानात वाढते, आणि आमच्याकडं मे महिन्यात 44 अंशांत पण उभी. 2012 पासून 2016 पर्यंतचे दुष्काळ आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्या 2016 च्या उन्हाळ्यात लोकांच्या दारातले नारळ माना टाकून बसले होते. बांधावरच्या शिंदीला कुणी तांब्याभर पाणी घातलं नव्हतं. खारं पाणी चालतं, पुरात चार दिवस बुड पाण्यात राहिलं तरी चालतं.

तिच्या पानांची केरसुणी, जिला आम्ही फडा म्हणतो, लक्ष्मीपूजनाला पुजतो. सुगरणीचे खोपे तिच्यावर. आणि निजामाच्या काळात शिंदीच्या, म्हणजे तिच्या रसाच्या दारूच्या, ठेक्यांवर सरकारची एवढी मिळकत होती की 1947 च्या लढ्यात शिंदीची झाडं तोडणं हा सत्याग्रहाचाच भाग होता. आजोबा सांगायचे, रात्रीतून बन आडवं करायचे. म्हणजे या झाडाला थंडीनं नाही, उन्हानं नाही, स्वातंत्र्यसैनिकांनी तोडलं. तरी ते परत आलं.

रोपवाला_संभाजीनगर · 10 जानेवारी

ताई, शंभर टक्के मान्य. पण गिऱ्हाईकाला शिंदी दाखवली की म्हणतो, "हे तर आमच्या उकिरड्यावर आहे." हैदराबादच्या मोठ्या नर्सऱ्या तीच शिंदी खोड तासून, ट्रकवर घालून, "सिल्व्हर डेट पाम" म्हणून हॉटेलांना आणि टाउनशिपना विकतात. मग तोच माणूस तिथं फोटो काढतो.

एक इशारा मात्र देतो. शिंदीच्या पानाच्या बुडाशी लांब टोकदार काटे असतात. दारात, लेकरांच्या डोळ्यांच्या उंचीवर लावू नका. फाटकापासून आत, उघड्यावर लावा आणि झाड उंच होईपर्यंत बुडाचे काटे छाटत राहा.

अंबडचा_खारीकवाला · 11 जानेवारी

मग खजूरच का नाही? ऊतिसंवर्धित, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांची, बारही जात आपल्याकडं येते. थंडीला घाबरत नाही, मुळात वाळवंटातली असल्यामुळं हिवाळ्यात शून्याखाली गेलेली रात्रही काढते. खारं पाणी चालतं. अडचण थंडीची नाही, पावसाची आहे. फळ पिकायला आणि आपला पाऊस यायला एकच मुहूर्त. म्हणून पूर्ण पिकू न देता, पिवळं कडक असतानाच घड उतरवावे लागतात. नर-मादी झाडं वेगळी, परागीकरण हातानं करावं लागतं. शोभेसाठी लावलं तर एवढी कटकट नाही.

जिंतूरचा_माळ · 11 जानेवारी

आणि नारळाचं कुणीच बोललं नाही. आईचा जीव त्याच्यात आहे.

अर्धापुरी · 11 जानेवारी

आमच्या दारातही आहे. कोकणातल्या नारळाशी बरोबरी करायला गेलात तर रडाल. थंडीत वाढ थांबते, लहान फळं गळतात, मार्चपासून परत चालतो. मोठ्या झाडाला आपली थंडी मारत नाही, लहान रोपाला मारू शकते. त्यामुळं नवं रोप पावसाळ्याच्या सुरुवातीला लावायचं, दिवाळीनंतर नाही, म्हणजे पहिल्या हिवाळ्यापर्यंत मूळ धरलेलं असतं. घराच्या दक्षिण अंगाला, भिंतीजवळ. भिंत रात्री ऊब सोडते.

देगलूरची_लेक · 11 जानेवारी

आईला सांगा, पाच घडी नारळाला पाणी घातलं तर एक घडी आमच्या शिंदीकडं बघा.

जिंतूरचा_माळ · 2 मार्च

उशिरा लिहितोय. पानं छाटली नाहीत, आळी भिजवत राहिलो. अरेकाला बुंध्यातून फुटवे आलेत, वरचं वाळलेलं आता काढलं. फॉक्सटेलचं नवं पान नीट निघालं. रॉयलला फवारणी चालू आहे, ताजा पोंगा अजून आखूड आहे पण चुरगाळलेला नाही. बॉटल पामचा पोंगा ओढला तर अल्लद हातात आला, कुजका वास होता. औषध ओतलंय, पण कोंब मऊ लागतोय, मला आशा नाही. ऑनलाइन विंडमिल मागवला नाही. विक्रेत्याला देठाचा फोटो मागितला तर त्यानं उत्तर देणं बंद केलं.

ती जागा रिकामी झाली तर तिथं शिंदीच लावीन म्हणतो. बी कधी मिळतं आणि पिशवीत टाकायचं का?

रोपवाला_संभाजीनगर · 2 मार्च

वाहवा! त्या विक्रेत्याच्या मौनातच उत्तर आलं तुम्हाला.

देगलूरची_लेक · 3 मार्च

फळं मृगाच्या आगेमागे पिकतात, नारिंगी-तांबडी होऊन खाली सडा पडतो. पाखरांच्या आधी गोळा करा, गर काढून बी धुवा आणि ओलं असतानाच पेरा. लहान पिशवीत टाकू नका. शिंदीचं बी आधी खाली लांब सोट सोडतं आणि पान मागाहून वर काढतं. तोवर पिशवीच्या तळाला मूळ गुंडाळलेलं असतं. सरळ जागेवर चार-पाच बिया टोचा आणि उगवतील त्यातलं एक जोमदार ठेवा. पहिलं पान गवताच्या पात्यासारखं दिसतं, खुरपताना उपटू नका, काठी रोवून ठेवा.

जून लागला की इकडं या. आमच्या वाड्याच्या मागचं झाड दरसाल घड धरतं, बी लागेल तेवढं न्या.